चौथीच्या वर्गाची हवा

सुचेता गेल्याचं मला फोनवर कळलं. तेव्हा मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रिजसमोर उकिडवा बसलो होतो. काँप्रेसर सुरू होत नव्हता आणि आत हजारावर डोस होते. मेहुण्याचा फोन आला. तो म्हणाला, "दाजी, जिथं असाल तिथनं निघा." मी विचारलं, "काय झालं?" तो नुसताच रडायला लागला. मी फोन खिशात ठेवला, हातातली वायर जोडली, काँप्रेसर चालू झाल्याचा आवाज ऐकला आणि मग निघालो. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. बायको गेल्याचं कळल्यावर माणूस वायर जोडतो, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण डोस खराब झाले असते.

त्या सकाळी ती बरी होती. घशातला पांढरा पापुद्रा गेला होता, पेज पोटात राहत होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत घरी सोडू. म्हणून तर मी अर्ध्या दिवसासाठी कामावर गेलो.

घटसर्पाचं असंच असतं, हे मला नंतर समजलं. जंतू घशात बसतो, पण त्याचं विष रक्तातून फिरतं आणि हृदयाच्या स्नायूत शिरतं. घसा मोकळा होतो, ताप उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय थांबतं. विषावर उताऱ्याचं इंजेक्शन आहे. पण ते फक्त रक्तात फिरणारं विष निकामी करतं. स्नायूत शिरलेलं त्याला काढता येत नाही. त्यामुळं पहिले दोन-तीन दिवस काय ते महत्त्वाचे. सुचेताला ते सहाव्या दिवशी मिळालं. तोवर सगळ्यांना वाटत होतं, बाई वर्गात ओरडून घसा बसवून घेतात, तसंच असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

माझी नोकरी शीतसाखळी तंत्रज्ञाची. जिल्ह्याच्या भांडारातून निघालेली लस पोराच्या दंडात जाईपर्यंत थंड राहिली पाहिजे, ती जबाबदारी माझी. घटसर्पाच्या लसीचा जोर ओसरतो, म्हणून मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी डोस घ्यावा, हे प्रत्येक फ्रिजच्या दारावरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता मी तेवीस वर्षं ओल्या फडक्यानं पुसत आलो होतो. घरी त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

जाण्याच्या दोन दिवस आधी तिनं मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. तिचा आवाज नाकातून येत होता.

"अहो, त्या पोराला मीच आणला."

"कुणाला?"

तिनं नाव सांगितलं. तिच्या चौथीच्या वर्गातला मुलगा होता. त्यालाही घटसर्प झाला होता, पण त्याचे लहानपणचे डोस पूर्ण होते, म्हणून आठवड्यात बरा झाला.

"ताप होता त्याला. आई म्हणत होती, आज राहू दे. मी म्हटलं, शेवटचा दिवस आहे, आज आला की महिना पुरा होतोय. स्कूटरवर मागं बसवला नि आणला. माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपला होता तो वाटेत."

"असू दे. पोरगा बरा आहे ना आता."

"कुणाला बोलू नका. त्याच्या कानावर गेलं तर जन्मभर त्याला वाटेल, आपल्यामुळं बाई आजारी पडल्या."

मी म्हटलं, "नाही बोलत."

महिना पुरा होण्याचा अर्थ असा. शेंदूरवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत सुचेतानं एक पद्धत सुरू केली होती. ज्या वर्गाची आठवडाभर हजेरी पूर्ण, त्याच्या दारावर शनिवारी पिवळा झेंडा लागायचा. महिनाभर टिकला तर तो वर्ग प्रार्थनेला सगळ्यांच्या पुढं उभा राहायचा. ऐकायला एवढंसंच. पण आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणपट्टीत उतरतात. पोरंही मागं जायची आणि शाळा तुटायची. झेंडा आल्यावर पोरं हट्ट करून आजी-आजोबांजवळ राहायला लागली. तीसपैकी बारा पोरं बसायची, तिथं तीसच्या तीस बसायला लागली. ती पद्धत चांगलीच होती. त्यात एकच चूक होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. आजारी पोरगं घरी राहिलं तर पूर्ण वर्गाचा झेंडा जायचा.

ती गेल्यावर शाळेनं झेंड्याला तिचं नाव दिलं. मुख्याध्यापिका लोखंडे बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "फडतरे भाऊ, नवा झेंडा तुमच्या हातून द्यायचाय." मी कापड आणलं, शिंप्याकडून त्यावर 'सुचेता रमाकांत फडतरे' असं लाल दोऱ्यानं शिवून घेतलं आणि कार्यक्रमात दिलं. भाषणं झाली. मला सगळं माहीत होतं, तरी मी हार घालून घेतला.

दोन वर्षांनी, २०३८च्या जूनमध्ये, डॉ. रुक्सार मुजावर आमच्या कार्यालयात आली. वय तिशीच्या आत. विद्यापीठातून आली होती. तिच्या गाडीत वीस पत्र्याच्या पेट्या होत्या आणि तिला त्या बसवणारा मेकॅनिक हवा होता. साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"काका, तुम्हाला पंखा, फिल्टर, सेन्सर यातलं कळतं का?"

"मॅडम, मला त्याच्याशिवाय दुसरं काही कळत नाही."

ती हसली. "मग आपलं जमेल."

पेटीचं काम तिनं मला दोन दिवसांत शिकवलं. ते असं आहे. माणूस बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा बारीक थेंब बाहेर पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या घशात जंतू असले तर त्या थेंबांत येतात. वर्गाच्या मधोमध छताजवळ एक लवचिक नळी लटकते. पेटीतला पंखा त्या नळीतून पूर्ण सकाळ हवा ओढतो आणि ओल्या पातळ पट्टीवर सोडतो. थेंब पट्टीला चिकटतात. पट्टीत आधीच काही रेणू भरलेले असतात. एकेका रेणूला एकेका जंतूच्या जनुकाचा तुकडा ओळखायला लावलेलं असतं. कुलुपाला किल्ली बसावी तसा तुकडा बसला की रेणू कात्रीसारखा चालतो, शेजारचा रंग मोकळा करतो, आणि पट्टी चमकते. मधल्या सुट्टीला, एक वाजता, पेटी पट्टी वाचते आणि दिवा लावते. हिरवा म्हणजे काही नाही. पिवळा म्हणजे फ्लू, सर्दी असलं काही. मग खोकणाऱ्या पोरांनी दोन दिवस घरी राहायचं आणि बाकीच्यांचा वर्ग झाडाखाली भरवायचा. लाल दिवा चार रोगांसाठी राखून ठेवलेला. गोवर, डांग्या खोकला, मेंदूज्वर आणि घटसर्प.

मी विचारलं, "कुणाला आहे ते सांगते का?"

"नाही. खोली सांगते, पोर सांगत नाही."

"मग उपयोग काय? नाव कळायला पाहिजे."

"प्रत्येक पोराला रोज नळीत फुंकायला लावलं तर नाव कळेल. तशी पेटीही बनवता येते. पण काका, ज्याचं नाव येईल त्याच्याजवळ परत कुणी बसेल का?"

मला ते पटलं नाही. नाव कळलं असतं तर सुचेता वाचली असती, असं माझं गणित होतं. पण तिला तसं बोललो नाही. पेट्या बसवल्या. एकोणीस शाळांत, प्रत्येक शाळेच्या एकाच वर्गात. विसावी सुट्या भागांसाठी ठेवली. शेंदूरवाडीला चौथीच्या वर्गात बसवली. पोरांनी पहिल्याच दिवशी पेटीला हत्ती म्हणायला सुरुवात केली, कारण तिला सोंड होती.

जुलैमध्ये दोन शाळांत पिवळा दिवा लागला. दोन्हीकडं फ्लूची साथ वर्गातच संपली, गावात गेली नाही. एक म्हातारे शिक्षक मला म्हणाले, "तीस वर्षांत पहिला पावसाळा असा गेला, की मी पोरांबरोबर आजारी पडलो नाही." शेंदूरवाडीलाही ऑगस्टमध्ये दोनदा पिवळा लागला. सप्टेंबरपासून मात्र तिथं रोज हिरवा. ऑक्टोबर हिरवा. दिवाळीनंतरही हिरवा. रुक्सार खूश होती. फोनवर म्हणाली, "तुमची शाळा माझी सगळ्यात गुणी शाळा आहे."

"गुणी पोरंही शिंकतात, मॅडम," मी म्हटलं. पण ते सहज बोललो.

जानेवारीत मी सगळ्या पेट्यांचे आकडे एकत्र तपासत होतो. दर महिन्याचं काम. पेटी हवेतला कार्बन डायऑक्साइडही मोजते, खिडक्या किती उघड्या आहेत ते कळावं म्हणून. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत साडेचारशे भाग असतो. तीस पोरं तासभर बसलेल्या खोलीत हजाराच्या पुढं जातो. शेंदूरवाडीचा आकडा सकाळी अकरा ते एक साडेचारशे होता. दुपारी दोननंतर तेराशे. रोज असंच, चार महिने.

म्हणजे सकाळी त्या वर्गात कुणी श्वासच घेत नव्हतं.

आधी वाटलं, सेन्सर गेला. पण गेलेला सेन्सर दुपारी बरोबर कसा चालेल? दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कुणाला न कळवता मी शाळेत गेलो. साडेअकरा वाजले होते. लोखंडे बाई ऑफिसात टॅबवर माहिती भरत बसल्या होत्या. वरून रोज काही ना काही मागवतात आणि ते बारापर्यंत भरावं लागतं. दुसरे गुरुजी तिसरीला शिकवत होते. चौथीचा वर्ग आपला आपण पाढे म्हणत होता. मी बाहेरून वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेलो.

हत्तीची सोंड खिडकीच्या गजातून बाहेर आली होती. केसांच्या रिबिनीनं गजाला नीट बांधलेली होती. पेटी सकाळभर मैदानातली हवा ओढत होती.

मी आत गेलो. पाढे थांबले.

"कुणी केलं हे?"

पुढच्या बाकावरून मॉनिटर उभी राहिली. ईश्वरी शेंडगे. दोन वेण्या, एका वेणीला रिबीन नव्हती.

"काका, आम्ही मोडलं नाही हां हत्तीला. नुसतं बाहेर बघायला लावलंय."

मागून एक पोरगा म्हणाला, "त्याला ताजी हवा लागते."

सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण नाही आलं.

"का पण?"

ईश्वरी म्हणाली, "पिवळा लागला की खोकणारे घरी पाठवतात. मग गैरहजेरी पडते. मग झेंडा जातो. दोनदा गेला. सुट्टीच्या आधी परत आत घेतो आम्ही. रोज एकाची पाळी असते." मग माझ्याकडं बघून, मला बरं वाटावं म्हणून बोलल्यासारखी बोलली, "बाईंचा झेंडा आहे ना, काका. चार महिने झाले, जाऊ दिला नाही."

मी रिबीन सोडली. नळी जागेवर लावली, खिडकी लोटली, नवी पट्टी घातली आणि मागच्या बाकावर बसलो. ईश्वरीनं पुन्हा पाढे सुरू केले. एकोणतिसाचा पाढा चालू असताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी नुसते ओठ हलवतेय. गळ्याभोवती मफलर होता. जानेवारी असला तरी आमच्याकडं दुपारी बाराला कुणी मफलर घालत नाही. पाण्याच्या बाटलीतून तिनं एक घोट घेतला, आणि तो गिळताना मान पुढं काढली. सुचेता तशीच गिळायची.

एक वाजता दिवा लाल झाला.

मी लाल दिवा तोवर कधी पाहिला नव्हता. पेटीच्या पडद्यावर रोगाचं नाव आलं. घटसर्प. मी आधी रुक्सारला फोन केला, मग आरोग्य केंद्राला. पथक यायला पाऊण तास होता. लोखंडे बाई धावत आल्या. पोरांना बाहेर सोडायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. दार लावून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कोण आहे?"

"पेटी खोली सांगते, बाई."

"मग आता?"

मी त्या मुलीजवळ गेलो. आर्वी मदने तिचं नाव. "घसा दुखतो का ग, बाळ?"

तिनं मान हलवली. नाही.

"गिळताना?"

नाही. आणि तिनं ईश्वरीकडं पाहिलं. ईश्वरीनं सगळ्यांकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं, की इथं एकही पोर हो म्हणणार नाही. घसे तपासायला पथक येईलच. पण गेले दोन-तीन दिवस कुणाला त्रास होतोय, घरी लहान भावंडं कुणाची आहेत, कोण कुणाच्या बाटलीतलं पाणी प्यालं, हे पोरांशिवाय कोण सांगणार? आणि ती तोंड मिटून बसली होती. परवा शनिवार होता.

मी दाराबाहेर गेलो, झेंडा काढला आणि आत येऊन टेबलावर ठेवला.

"बाई कशानं गेल्या, माहीत आहे का?"

"आजारी पडल्या," कुणीतरी म्हणालं.

"घटसर्पानं गेल्या. वर्गात एक पोर तापात आलं होतं. त्या पोराची काही चूक नव्हती. त्याला घरी राहायचं होतं. बाईंनी स्वतः जाऊन त्याला आणलं. कशासाठी आणलं असेल?"

लोखंडे बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

ईश्वरी हळू म्हणाली, "झेंड्यासाठी?"

"झेंड्यासाठी. बाईंनी मला सांगितलं आणि मी तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. वर हा नवा शिवून दिला. बाईंची चूक झाली, त्यांच्यापेक्षा मोठी माझी झाली. आता मला खरं सांगा. घसा कुणाकुणाचा दुखतोय?"

आधी मागच्या पोराचा हात वर झाला. ताज्या हवेवरून बोललेला तोच. मग एका मुलीचा. मग आणखी एक. आर्वी खाली बघत होती. ईश्वरी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "कर की ग. मीच तुला म्हटलं होतं ये म्हणून. कर हात."

आर्वीनं हात वर केला आणि रडायला लागली.

पथक आलं. नर्सनं बॅटरी लावून तिचा घसा पाहिला आणि मला दाखवला. कडेला पापुद्रा होता, नखाएवढा. आर्वीचे आई-बाप मेंढरं घेऊन कोकणात होते, घरी आजी होती, हिराबाई. आर्वीचा पाचव्या वर्षीचा डोस असाच वाटेवर राहून गेला होता. पुढच्या गावात घेऊ, मग त्याच्या पुढच्या गावात.

हिराबाईंना घेऊन आम्ही तिघं अँब्युलन्समधून निघालो. म्हातारीनं नातीचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तू बाईचा मालक न्हवं?"

"हो."

"परवा रात्रीपास्नं ह्या पोरीला ताप हाय. मी म्हनलं, नगं जाऊ साळंत. तर मलाच म्हनती, आजे, तुला काय कळतंय, झेंडा जाईल. कसला वो झेंडा ह्यो? आमच्यात मेंढरू आजारी पडलं तर त्याला बाजूला बांधत्यात. कळपात घालून वर आनि झेंडा न्हाय लावत."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

"बरोबर हाय तर मग आधी का न्हाय आलास इचारायला?"



उताऱ्याच्या कुप्या तालुक्याच्या रुग्णालयात कुठल्या फ्रिजमध्ये, कितव्या कप्प्यात आहेत, हे मला डोळे मिटून माहीत होतं. त्या फ्रिजची गेल्याच आठवड्यात तपासणी केली होती. सव्वातीनला आर्वीला उतारा मिळाला. ताप आल्यापासून दुसरा दिवस. बाकी तिघांच्या घशांचे नमुने गेले. त्यांतल्या एकाकडं जंतू होता, पण डोस पूर्ण होते म्हणून आजार नव्हता. वर्गातल्या सगळ्यांना, घरच्यांना आणि शिक्षकांना गोळ्या आणि डोस दिले. दंड पुढं करताना लोखंडे बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही घ्या." मी घेतला. सुचेताच्या वेळी मी नुसत्या गोळ्यांवर भागवलं होतं; आयुष्यभर जी लस सांभाळली, ती पहिल्यांदा माझ्या अंगात गेली.

चौथ्या दिवशी आर्वीचा घसा साफ झाला. सहाव्या दिवशी ती पेज नको, वडापाव पाहिजे म्हणाली. सगळे हसले. मी हसलो नाही, मला दुसऱ्या आठवड्याची भीती होती. रोज ड्यूटी संपली की मी वॉर्डात जायचो, हृदयाच्या आलेखाचा कागद हातात घेऊन डॉक्टरांच्या मागं उभा राहायचो. अकरावा दिवस गेला. बारावा गेला. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि पेनानं एकेक उंचवटा दाखवला.

"हे बघा फडतरे, सगळं जागेवर आहे. धोका टळला. आता तुम्ही घरी जाऊन झोपा."

मी बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. हिराबाई शेजारी तंबाखू मळत होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कवाच ठावं हाय. वडापाव मागितला तवाच." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड, रड. हितं कोन बघतंय." तीन वर्षांत मी चारचौघांत रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो, आणि बरं वाटलं. घरी जाऊन दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपलो.

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकसभा झाली. रुक्सारही आली होती. एक पालक उठले आणि म्हणाले, "ही वाड्या-वस्त्या फिरणारी पोरं रोग घेऊन येतात. पेटीला नाव सांगता येत असेल तर नाव सांगायला लावा. ते पोर आम्ही वेगळं बसवू."

जूनमध्ये मीही रुक्सारला हेच म्हटलं होतं. या वेळी उठून म्हटलं, "नाव कळणार असतं, तर पोरांनी सोंड पहिल्याच दिवशी बाहेर काढली असती. आणि नुसता झेंडा जाणार होता म्हणून चार महिने काढून ठेवली होती, ते मला कळलं नाही. खोली सांगितली की पुढचं पोरं सांगतात. फक्त सांगितल्यावर त्यांचं काही जाता कामा नये."

ते पालक म्हणाले, "झेंडा बाईंच्या नावाचा आहे, भाऊ. तुम्हीच काढायचा म्हणता?"

"मीच दिला होता. मीच काढतो."

मग सुचेतानं मला जे सांगितलं होतं, ते मी मोठ्या माणसांनाही सांगितलं. पोराचं नाव सोडून. ते तिला दिलेलं वचन अजून पाळतोय. काही बायका रडल्या. मला वाटलं होतं, लोक तिला नावं ठेवतील. कुणी ठेवली नाहीत. बाहेर पडताना एक आई एवढंच म्हणाली, "बाई स्कूटरवरून पोरांना न्यायला यायच्या, तेव्हा आम्हीही पोरं देत होतो की. आमचंही चुकलंच."

रुक्सारनं जाताना विचारलं, "काका, रिबिनीची आयडिया कुणाची होती? मला ती मुलगी दहा वर्षांनी प्रयोगशाळेत पाहिजे." ईश्वरी दाराआडच उभी होती. लाजून पळाली.

आता शेंदूरवाडीला झेंडा नाही. आजारी पोर घरी राहिलं तर त्याचा अभ्यास शेजारच्या बाकावरचं पोर संध्याकाळी दारात ठेवून येतं. हे पोरांनीच ठरवलं. फेब्रुवारीत एकदा पिवळा लागला. कार्बन डायऑक्साइडचा आकडा बाराशे होता, म्हणजे वर्गात तीस पोरं श्वास घेत होती. पाच पोरं स्वतःहून उठली, दप्तरं घेतली आणि घरी गेली. लोखंडे बाईंनी मला फोन करून सांगितलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

शाळेच्या टॅबवर हजेरी भरताना 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोनच रकाने येतात. आजारी पोरासाठी तिसरा रकाना हवा, असा अर्ज लोखंडे बाईंनी आणि मी मिळून जिल्ह्याला दिला आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. तालुक्यात एकशे चौदा शाळा आहेत. एकोणीस शाळांत पेट्या बसल्या. पंच्याण्णव शाळा बाकी आहेत.